पश्चिम राजस्थानची खोरी : प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४

काम ठरलं. अरवलीच्या पश्चिमेकडच्या वाळवंटी जिल्ह्यांचा खोऱ्यांचा नकाशा करायचा. छपाई १ : २,५०,००० प्रमाणात, सोबत प्रत्येक खोऱ्याच्या माहितीची जीआयएस (संगणकीय नकाशाची) फाइल. क्षेत्र दोन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. सरकारी सीमा तयार आहेत, मग पुन्हा कशाला, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. म्हणून आधी त्या सीमाच एकमेकींशेजारी लावून पाहिल्या.

तीन ठिकाणी तीन तऱ्हा. अखिल भारतीय मृदा व भू-उपयोग सर्वेक्षणाने १९९० मध्ये पाणलोटांचा अ‍ॅटलास काढला. त्यात देशाचे सहा विभाग आहेत. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, बाकीच्या पूर्ववाहिनी नद्या, बाकीच्या पश्चिमवाहिनी नद्या, आणि सहावा एकट्या पश्चिम राजस्थानसाठी, बहुतेक प्रवाह पावसापुरते वाहणारे म्हणून. त्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी ३५, ११२, ५०० आणि शेवटी ३२३७ तुकडे. केंद्रीय जल आयोगाच्या यादीत ‘राजस्थानातील अंतर्गत जलनिःसारणाचं क्षेत्र’ असं एकच मोठं गाठोडं आहे, आणि लुणी त्यातून काढून कच्छ-सौराष्ट्राच्या पश्चिमवाहिनी नद्यांबरोबर बसवली आहे. राज्याच्या जलनियोजनात लुणी, शेखावाटी, घग्गर अशी नावाची खोरी आहेत, आणि ज्याला कुठेच जागा मिळाली नाही ते ‘खोऱ्याबाहेरचं’. जैसलमेर आणि बिकानेरचा बहुतेक भाग या ‘बाहेर’मध्ये जातो.

प्रशासनाच्या सोयीला हे ठीक आहे. पण पाऊस तिथेही पडतो आणि पडलेलं पाणी कुठेतरी जातंच: वाळूत, रणात (मिठाच्या सखल थाळीत), नाडीत (गावतळ्यात), नाहीतर हवेत. आपला नकाशा त्या ‘कुठेतरी’चा असावा, एवढं आज ठरलं.

७ मार्च

उंचीची माहिती. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने अकरा दिवसांत रडारने केलेली मोजणी. तिची मूळ अट उंचीत १६ मीटरपर्यंत चूक चालेल अशी होती. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं ३० मीटरच्या चौकटींचं उंचीचं प्रतिमान टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या २०११ ते २०१५ च्या नोंदींवरून बनलंय आणि ते बरंच नेटकं आहे. कार्टोसॅट उपग्रहावरून केलेलं आपलं कार्टोडेमही उतरवून घेतलं. पायाला कोपर्निकस, ताडून पाहायला बाकीची दोन.

७२ अंश रेखांश मधोमध जातो, त्यामुळे जैसलमेर-बाडमेर यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४२ व्या पट्ट्यात आणि जोधपूर ४३ व्या. लुणीचं खोरं दोन्हीकडे पसरलंय. सगळं समक्षेत्र प्रक्षेपणात आणलं. क्षेत्रफळं मोजायची आहेत, तिथे तडजोड नको.

१३ मार्च

पहिली फेरी, मुद्दाम पुस्तकी पद्धतीने. आधी खळगे भरा, मग प्रत्येक चौकटीचं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराकडे वळवा, मग प्रवाह मोजा. आठ दिशांची ही रीत १९८४ पासूनची आणि खळगे भरण्याची जेन्सन-डोमिंग यांची पद्धत १९८८ ची. दोन्ही अजून प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहेत.

लुणीचा वरचा भाग सुरेख आला. अजमेरजवळच्या डोंगरांतून निघालेली नदी नैर्ऋत्येला, डावीकडून अरवलीतून येणाऱ्या बांडी, सुकडी, जवाई, उजवीकडून एकटी जोजरी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरच्या निळ्या रेषांशी जवळजवळ जुळतं.

पश्चिमेकडे मात्र पंचाईत. खळगा भरला की तिथे सपाट पृष्ठभाग तयार होतो आणि त्यावरून पाणी न्यायला संगणक पट्टीने आखल्यासारख्या समांतर रेषा ओढतो. सांभर काठोकाठ भरून बाहेर वाहायला लागलं. डीडवाना, पचपदरा, लूणकरणसर ही मिठाची सरोवरं वाटेतली स्थानकं झाली. जैसलमेरच्या दक्षिणेला कोटरीजवळ उगम पावून वाळूत जिरणारी काकनी नदी थेट पाकिस्तानच्या सीमेपार गेली. एवढ्या मोठ्या वाळवंटात एकही बंद खोरं शिल्लक नाही!

संगणक सांगितलं तेवढंच करतोय. खळगा म्हणजे मोजणीतली चूक, हे त्या पद्धतीचं गृहीत आहे. बारमाही पावसाच्या मुलुखात ते बहुतेक वेळा खरं असतं, कारण तिथे खरा खळगा असला तर त्यात तळं होतं आणि तळं आज ना उद्या कडेवरून फुटतं. थरच्या पश्चिमेला पावसाचं पाणी वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आत आणि बाष्पीभवनाची भूक त्याच्या कितीतरी पट. तळं कडेपर्यंत पोहोचतच नाही. इथला खळगा ही चूक नसून नदीचं मुख आहे.

१५ मार्च

उलट टोकाची फेरी: काहीच भरायचं नाही. लाखोंनी खळगे. दोन टेकड्यांमधली प्रत्येक फट म्हणजे एक खोरं. निरुपयोगी, पण मधली वाट शोधायची कुठून कुठपर्यंत ते कळलं.

२२ मार्च

कोणता खळगा खरा? दोन प्रश्न गुंतलेत, ते सोडवून घेतले. एक, खळगा जमिनीवर आहे का, की फक्त आकड्यांत? दोन, असला तर त्यात पाणी साचतं का?

पहिल्यासाठी व्हाइटबॉक्स या सॉफ्टवेअरमधलं यादृच्छिक चुकीचं साधन वापरलं. उंचीच्या प्रतिमानात मुद्दाम थोडी थोडी चूक मिसळायची, पुन्हा पुन्हा, आणि दरवेळी पाहायचं की ही चौकट खळग्यात राहते का. जी बहुतेक वेळा राहते तिच्यावर भरवसा ठेवायचा. मिसळलेली चूक शेजारच्या चौकटींत सारखी असावी लागते. प्रत्येक चौकटीला स्वतंत्र चूक दिली तर जमिनीवर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं होतं आणि सगळंच संशयास्पद ठरतं. वीस कोटींच्या वर चौकटी आहेत, त्यामुळे यंत्र रात्रभर चालू.

दुसरा प्रश्न उंचीवरून सुटतच नाही. वाळूच्या दोन लांब टेकड्यांमधली सखल पट्टी दहा-वीस मीटर खोल असते, कुठल्याही चाचणीत खरी ठरते, आणि तरी तिच्यात पाणी थांबत नाही. तळाशी वाळू असते, पडलं तेवढं पिऊन टाकते. याउलट जैसलमेरच्या खडकाळ पठारावरची दोन मीटरचीही खोली नसलेली रणाची थाळी. तळ चिकणमातीचा आणि मिठाचा. एक चांगला पाऊस झाला की तिथे आठवडेच्या आठवडे पाणी.

म्हणजे खोलीपेक्षा तळ महत्त्वाचा. दुसरी गाळणी पुराव्यांची लावायची ठरली: लँडसॅट उपग्रहांच्या १९८४ पासूनच्या चित्रांवरून केलेला पाण्याच्या हजेरीचा जागतिक थर, उन्हाळ्यातल्या चित्रात दिसणारी मिठाची पांढरी खपली, आणि सर्वेक्षणाच्या नकाशावरची खूण.

त्या जुन्या नकाशांचं कौतुक करावंसं वाटतं. वाळूच्या टेकड्यांवर तपकिरी ठिपके, शेजारी सापेक्ष उंची, आणि ओढ्याची रेषा वाळूत शिरून जिथे संपते तिथे सरळ संपवलेली. पुढे उगाच ओढलेली नाही. सर्वेक्षकाने जागेवर उभं राहून ठरवलं की इथपर्यंतच. आमच्या प्रवाहरेषेला थांबणं ठाऊकच नाही. ते तिला शिकवायचंय.

२८ मार्च

वर्गवारी. दे मार्तोनने १९२० च्या दशकात जगाच्या जलनिःसारणाचे तीन भाग केले होते: समुद्राला मिळणारं, आत संपणारं, आणि जिथे प्रवाहच तयार होत नाहीत असं. शंभर वर्षं होत आली तरी याहून सोपं काही सापडलं नाही. आम्ही तेच घेतलं आणि मधल्या भागाचे पोटभाग केले, कारण इथली सगळी गंमत मधल्या भागात आहे. नदी असलेलं आणि सरोवरात संपणारं, जसं सांभर: मेंढा आणि रूपनगढ दोन बाजूंनी येतात. नदी असलेलं पण कुठल्याच सरोवराला न पोहोचणारं, जसं कांतली, जी सीकरच्या खंडेला टेकड्यांतून निघते आणि झुंझुनूं ओलांडता ओलांडता वाळूत नाहीशी होते. आणि नदी नसलेलं, आजूबाजूच्या उतारावरून थेट रणात उतरणारं.

कांतलीसारख्या खोऱ्याला खालची सीमाच नाही, हा खरा पेच. वरचे जलविभाजक नीट आखता येतात, खाली उतरावं तसे ते वाळूत विरतात. बहुभुज बंद केल्याशिवाय फाइल स्वीकारत नाही. म्हणून सीमेच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र दर्जा दिला: ठाम, अंदाजे, आणि नुसती जुळणीसाठी ओढलेली. छापताना अनुक्रमे अखंड, तुटक आणि ठिपक्यांची रेषा.

४ एप्रिल

क्रमांक कसे द्यायचे. फाफश्टेटर या ब्राझिली अभियंत्याची १९८९ ची पद्धत आता जगभर चालते. मुखापासून वर जात चार मोठ्या उपनद्यांना २, ४, ६, ८ हे सम अंक, त्यांच्या मधल्या मुख्य नदीच्या तुकड्यांना १ पासून ९ पर्यंतचे विषम. मग प्रत्येक तुकड्याची पुन्हा तशीच विभागणी आणि पुढचा अंक. नुसता क्रमांक वाचून कोण वर, कोण खाली ते कळतं. फार देखणी रचना.

बंद खोऱ्यासाठी तिच्यात शून्य राखून ठेवलाय. पण शून्य एकच, सर्वांत मोठ्या बंद खोऱ्याला. बाकीची बंद खोरी शेजारच्या तुकड्यात विलीन करायची. नद्यांच्या देशात जन्मलेल्या पद्धतीकडून दुसरी अपेक्षा काय करणार? इथे बंद खोऱ्यांचा बाजार भरलाय. लुणी आणि घग्गरसाठी फाफश्टेटर ठेवला, बंद खोऱ्यांसाठी वेगळी रचना लागेल.

११ एप्रिल

ती रचना बहुतेक मिळाली. प्रत्येक बंद खोऱ्याला एक सांड असते, म्हणजे कडेवरची सर्वांत खालची जागा. खोरं भरलंच तर पाणी तिथून शेजारच्या ठराविक खोऱ्यात पडेल. ते दोघं भरले की मिळून एक मोठं खोरं, त्याची वेगळी सांड. असं वर चढत गेलं की झाड तयार होतं. क्रमांक म्हणजे त्या झाडातला पत्ता.

यातून एक गोष्ट हाती लागली जी आधी शोधत नव्हतो. प्रत्येक सांडीसाठी काढता येतं की ती ओलांडायला किती पाणी लागेल. समजा पाणलोट १०० चौरस किलोमीटर, रण २ चौरस किलोमीटर, सांड तळापासून ३ मीटर वर. कडा उभ्या धरल्या तर भरायला ६० लाख घनमीटर. पाणलोटावरून १ मिलिमीटर पाणी वाहिलं तर १ लाख घनमीटर होतं, म्हणजे ६० मिलिमीटर वाहून यायला हवं. उघडा खडक असेल आणि पडलेल्या पावसाच्या तीस टक्के वाहत असेल तर २०० मिलिमीटर पावसात खोरं उघडेल. वाळू असेल आणि पाच टक्केच वाहत असेल तर १२०० मिलिमीटर, जे तिथे कुणी पाहिलेलं नाही. आकार तोच, खळगा तोच, पण पहिलं अधूनमधून उघडणारं आणि दुसरं कायमचं बंद.

तेव्हा सीमा ‘आहे’ की ‘नाही’ असं लिहून भागणार नाही. किती पावसाला ती टिकते, ते लिहायचं. प्रत्येक बंद खोऱ्याच्या नोंदीत सांडीची जागा, उंची, शेजारी आणि लागणारी वाहणी मिलिमीटरमध्ये, असे चार रकाने वाढवले.

१९ एप्रिल

लुणी कुठे संपते? पुस्तकात कच्छच्या रणात. मग ती समुद्राला मिळणारी की बंद? मोठं रण पावसाळ्यात समुद्राच्या आणि नद्यांच्या पाण्याखाली जातं आणि कोरी खाडीतून अरबी समुद्राशी जोडलेलं असतं, एरवी कोरडी मिठाची जमीन. उंचीचे फरक इतके थोडे की प्रतिमानावर विसंबण्यात अर्थ नाही. शिवाय ही जमीन स्थिर नाही. १८१९ च्या भूकंपात तिथेच अल्लाह बंद नावाचा लांबलचक उंचवटा वर आला आणि सिंधूच्या एका जुन्या फाट्याची वाट अडली.

चर्चा लांबली. शेवटी ‘समुद्राला मिळणारी, रणामार्गे, हंगामी’ असा दर्जा दिला. भूगर्भतज्ज्ञांना मान्य नाही. त्यांचं म्हणणं, बालोतऱ्याच्या पुढे जिचं पाणी खारट होतं आणि जिचा पूर बऱ्याचदा वाळूतच जिरतो ती नदी वागणुकीने बंदच. मतभेद टिपणात नोंदवला.

६ मे

कालवे. इंदिरा गांधी कालव्याचे भराव प्रतिमानात टेकड्यांच्या रांगेसारखे दिसतात, सगळे प्रवाह त्याला अडून कडेने धावतात. रेल्वे आणि रस्त्यांचंही तसंच. भराव कापून टाकावेत तर आज जमिनीवर पाणी खरोखर त्यांनाच अडतं. दोन थर केले: एक नैसर्गिक, एक सध्याचा. सुरतगडजवळ तर घग्गरचं पुराचं पाणी माणसांनीच टेकड्यांमधल्या सखल जागांत वळवलंय, ते दुसऱ्या थरात.

१० जून

पडताळणी. बिपरजॉय वादळ १५ जून २०२३ ला गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्यावर आलं आणि पुढे बाडमेर, जालोर, सिरोही, पालीवर धो धो बरसलं. मागायला जाऊन मिळणार नाही असा प्रयोग. ढग असल्याने सेंटिनल-१ उपग्रहांच्या रडार चित्रांवर भिस्त. तेव्हा जोडीतला एकच उपग्रह चालू होता, म्हणजे दर बारा दिवसांनी एक चित्र. मधल्या दिवसांत आलं-गेलं ते दिसलंच नाही.

रडारला शांत पाणी काळं दिसतं. गुळगुळीत कोरडी वाळूही काळीच दिसते. एका चित्रावर विसंबलं तर अर्धं वाळवंट बुडालंय असं वाटेल. मे महिन्याचं चित्र शेजारी ठेवून फरक काढला: दोन्हीत काळी ती वाळू, नंतर काळी झालेली ते पाणी. ढग हटल्यावरच्या सेंटिनल-२ च्या चित्रांनी शहानिशा केली.

आम्ही ठाम म्हणून आखलेल्या रणांपैकी बाडमेर-जालोरकडची बहुतेक भरलेली दिसली. टेकड्यांमधल्या सखल पट्ट्या, अपेक्षेप्रमाणे, कोरड्या. काही अगदी उथळ थाळ्या आमच्या गाळणीतून निसटल्या होत्या आणि पाण्याने चमकत होत्या. त्यांच्यासाठी खोलीची अट शिथिल केली, तळाची तशीच ठेवली.

२ सप्टेंबर

कवासला जाऊन आलो. बाडमेरहून बालोतऱ्याकडे जाताना हे गाव लागतं. ऑगस्ट २००६ मध्ये इथे थोड्याच दिवसांत वर्षभराच्या सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला, पाणी रोहिली नदीच्या वाटेने उतरलं आणि गावात साचलं ते महिनोन् महिने हललं नाही. आमच्या झाडात कवास एका बंद खोऱ्याच्या तळाशी आहे आणि सांड गावापेक्षा बरीच वर. नकाशावर हे एका ओळीत दिसतं.

जमिनीवर काहीच दिसत नाही. सपाट माळ, बाभळी, रस्ता. गावाबाहेर एका खणलेल्या खड्ड्याची भिंत पाहिली. वर हात-दीड हात पिवळसर वाळू, तिच्याखाली पांढरा जिप्समचा थर. कुदळीचं टोक वाळूत गपकन शिरतं आणि पांढऱ्यावर ठणकतं. वाळू आहे म्हणून पाणी जिरेल असं आमच्या मातीच्या नकाशावरून आम्ही धरलं असतं. जिप्सम त्या नकाशात नाही, तो खाणींच्या नोंदींत आहे. त्या नोंदी मिळवून तळाचा थर दुरुस्त करायचा, बाडमेरपासून बिकानेरपर्यंत.

४ सप्टेंबर

जैसलमेरच्या बाजूची एक खडीन. पालीवाल ब्राह्मणांच्या काळापासूनची रीत: खडकाळ उतारावरचं पाणी खालच्या अंगाला लांब पाळ घालून अडवायचं, ते जिरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा. वरचा पाणलोट शेताच्या कितीतरी पट मोठा लागतो.

शेताचे मालक बासा आगोराची हद्द दाखवायला घेऊन गेले. आगोर म्हणजे पाणी यावं म्हणून राखलेला उतार. चालता चालता एका जागी थांबून म्हणाले, “इथून पलीकडचं पाणी माझं नाही, शेजाऱ्याचं.” मला दोन्हीकडे सारखीच गोटाळ जमीन दिसत होती. त्यांनी पायाने खडे सरकवून दाखवलं: अलीकडच्या बाजूला वाहून आलेल्या काड्या एका दिशेने अडकलेल्या, पलीकडे दुसऱ्या. जीपीएसने जागा टिपली. आमचा जलविभाजक तिथून बराच आत, बासांच्या आगोराचा मोठा लचका तोडून गेला होता. उताराचा फरक प्रतिमानाच्या चुकीच्या आतला, त्यामुळे त्या रेषेचा दर्जा ‘ठाम’वरून ‘अंदाजे’ केला आणि बासांची हद्द स्थानिक सीमा म्हणून वेगळी चढवली. अशा आणखी हद्दी मिळाल्या तर घ्यायच्या.

२१ ऑक्टोबर

रंग. छपाईवाल्यांना खोऱ्यागणिक एक रंग हवा होता. नको म्हटलं. समुद्राला मिळणारी निळ्या छटांत, बंद खोरी पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत, जितकी उघडायला अवघड तितकी गडद. प्रवाहच नसलेला भाग पांढरा, फक्त ठिपक्यांची वाळू. सांडी लाल बाणांनी, बाणाशेजारी मिलिमीटरचा आकडा. बाडमेरच्या पानावर बाणांची गर्दी झाली, तिथे तीस मिलिमीटरच्या आतल्या सांडी तेवढ्या ठेवल्या, बाकीच्या फाइलमध्ये.

१८ नोव्हेंबर

जिप्समच्या नोंदी आल्या, तळाचा थर बदलून सांडींचे आकडे पुन्हा काढले. बरीच ‘कायमची बंद’ खोरी ‘अधूनमधून उघडणारी’ झाली, मुख्यतः कवासच्या आजूबाजूची. फाइलमध्ये जुना आणि नवा असे दोन्ही आकडे ठेवलेत, तारखेसकट. लुणीच्या दर्जावर भूगर्भतज्ज्ञांनी स्वतःचं वेगळं टिपण लिहून दिलं. ते नकाशाच्या मागच्या बाजूला जसंच्या तसं छापायचं. पानं उद्या छपाईला जातील.